मॅडमनी कॅमेरा सुरू केला त्या दिवशी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली, तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी माळ्यावरून मोठी बॅग काढली. पुण्याला जायचंच नाही, भंडाऱ्याजवळ वरठीत घरी बसूनच काम करायचं आहे, हे त्यांना पटेना. बाबा इथल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला. बूट घालायचे, सायकल काढायची, गेटवर हजेरी लावायची, की ते काम.

"अन् तुहे सायेब कुठी बसते?"

"म्याडम हायेत. त्याबी घरीच बसते."

"मंग कंपनीत कोण जाते?"

मी बॅग उचलून परत माळ्यावर ठेवली.

तांदळाच्या ड्रमांची मागची खोली माझं ऑफिस झाली. ड्रम दिसू नयेत म्हणून मी पाठीमागे चादर टांगली. एका ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि मॅडमना कळवायच्या, एवढं काम. मॅडम म्हणजे स्क्रीनवरच्या गोलातलं एक अक्षर. मी लांबलचक काहीतरी लिहून पाठवायची, तिकडून 'नोटेड' यायचं. चांगलं झालं की वाईट, कळायला मार्ग नाही. नागपूरला ऑफिसात जाणाऱ्या मैत्रिणी म्हणायच्या, अडलं की चहाच्या वेळी कोणालाही विचारतो. मी कोणाला विचारणार, ड्रमांना?

घरात माझ्या नोकरीबद्दल दोन मतं होती. आईच्या मते घरी असलेला माणूस रिकामाच असतो. "गॅसवर दूध ठेवलं हाये, पाय जरा," असं सांगून ती शेजारी जायची, आणि मी मीटिंगमध्ये एक कान दुधाकडे ठेवायची. बाबा मात्र फारच मनावर घेऊन बसले होते. ड्युटीवरून आले की अंगणातच बूट काढून चवड्यांवर चालायचे. एकदा विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंना त्यांनी तोंडावर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी कोण आजारी आहे, याची गल्लीभर चौकशी सुरू होती.

असा दीड महिना गेला. एका दुपारी मी मॅडमना एक चूक समजावत होते. आई पेरूच्या फोडी घेऊन आत आली. ती दिसताच मी माइक बंद केला, असा माझा समज.

"त्या बाई आज तरी बोलल्या का?" आईनं विचारलं. "का तुलेच बडबड कराले लावते?"

माइक सुरू होता. लॅपटॉपमधून हसू ऐकू आलं. आई जराही न गडबडता स्क्रीनजवळ वाकली.

"म्याडम, तुमी दिसून नाही राहिल्या."

"काकू, माझा अवतार बघण्यासारखा नाहीये हो."

"आमी कुठी सजून बसलो बाप्पा."

आणि कॅमेरा सुरू झाला. मी मनात काचेची केबिन आणि इस्त्रीचा कोट रंगवून ठेवला होता. समोर केसांना तेल चोपडलेली, तिशीची बाई. खांद्यावर झोपलेली तान्ही मुलगी, मागे दोरीवर लंगोट वाळत घातलेले. आई मला विसरली. बाळाला दात येऊन राहिले का, रात्री रडते का, सगळं विचारून झालं. ॲपमधली ती चूक तशीच राहिली.

आई गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तू कधी काही विचारत नाहीस. मला वाटलं, तुला सगळं येतं."

"मले वाटे तुमाले वेळच नाही," मी घाईत बोलून गेले.

त्यांना पुन्हा हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी थोडा वेळ कॅमेरा सुरू ठेवून बसायच्या. घाईतला माणूस ॲपमध्ये कुठं चुकीचं बटण दाबेल, ते स्वतः करून दाखवायच्या. मधेच मुलगी कीबोर्डवर हात मारायची, मधेच मी दूध बघायला उठायची. आता दोघीही त्याबद्दल माफी मागत नव्हतो. खरं काम मी त्या उरलेल्या दिवसांत शिकले.

त्या कंपनीनं पुढे मला घेतलं नाही. त्या वर्षी कोणालाच घेतलं नाही. मॅडमनी नागपूरला ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकला. तिथं आता मी रोज सकाळच्या गाडीनं जाते, तेव्हा कुठं बाबांचा जीव भांड्यात पडला आहे. मॅडमचा फोन अजून येतो. दोन वाक्यं माझ्याशी, की मग, "काकूंना दे." त्यांची लेक बालवाडीत जायला तयार नाही, आणि त्यावर आईकडे सांगण्यासारखं बरंच आहे.