मुलाची वहिनी

गेल्या महिन्यात सुनेने मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. सासू नातवंडांच्या बाबतीत फार लुडबुड करत असेल तर सुनेने काय करावं, असा त्याचा विषय. चुकून पाठवला की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. शेवटपर्यंत बघितला आणि उत्तरादाखल अंगठा पाठवून दिला. तेव्हापासून बिचारी माझ्याशी फार गोड बोलते आहे.

व्हिडिओतली बाई सांगत होती की शांतपणे बोला आणि आपली सीमारेषा आखा. मला हसूच आलं. माझ्या वेळी अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या दोन खोल्या आणि त्यात सहा माणसं. सीमारेषा म्हणाल तर मोरीचा पडदा, आणि तोही सासूबाई न विचारता सारायच्या.

तेव्हाची मी म्हणजे शहाडच्या चाळीत वाढलेली, बारावी सायन्स झालेली, आणि त्या सायन्सचा ताठा नाकावर घेऊन फिरणारी. सासूबाई बारवी धरणाकडच्या गावातल्या. शेतात राबलेल्या, लवकर विधवा झालेल्या, तीन मुलगे एकटीने वाढवलेल्या. मला वाटायचं, या अडाणी बाईला मी सहज गुंडाळीन.

पहिला मुलगा झाला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला वाटीत दूध काढायला लावलं, त्यात बोट बुडवून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “पातळ आहे, बाय. पोर यावर राहायचं नाही.”

सायन्सवाल्या बाईने काय करावं? मान डोलवली. मला खरंच पटलं की माझं दूध पातळ आहे. पावडरचा डबा आला, बाटली आली, आणि पोर सासूबाईंच्या मांडीवर गेलं. मी मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायचे आणि वर पाण्याचा तांब्या ओतायचे. महिन्याभरात ते आटलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” मीही म्हटलं, “हो, आई.”

या ‘आई’नेच सगळा घोटाळा केला. घरात सगळे त्यांना आई म्हणत. हे म्हणत, दोन्ही दीर म्हणत, मीही म्हणे. आणि दीर मला वहिनी म्हणत. पोर जे ऐकेल तेच बोलणार. दीड वर्षाचा असताना त्याने माझ्याकडे बोट केलं आणि स्वच्छ म्हणाला, “वैनी.” सगळं घर हसलं, त्यांच्याबरोबर मीही हसले. किती गोड म्हणतो, असं शेजारणीला बोलावून ऐकवलंसुद्धा.

तशी बऱ्याच घरांत मुलं आईला वहिनी म्हणत. त्यात नवं काही नव्हतं. पण त्या घरांतली मुलं ‘वहिनी’ म्हणून आईच्याच कुशीत शिरत. आमचा वहिनी म्हणायचा आणि पाहुणी बघावी तसा बघायचा. पडला, लागलं, भूक लागली की आई. आणि आई म्हणजे त्या. आंघोळ त्यांच्या हातची, भात त्यांच्या हातचा, झोप त्यांच्या गोधडीत. मी उचलला की अंग ताठ करायचा. माझं मूल मला परत हवं होतं, आणि ते मागायचं कसं तेच मला कळत नव्हतं. घरातलं मूल घरातच होतं. तक्रार करायची कशाची?

यांना सांगून पाहिलं. पेपरमागून म्हणाले, “नावात काय आहे? तूच आई आहेस, सगळ्यांना माहीत आहे.”

“त्याला माहीत नाही,” मी म्हटलं.

“मोठा झाला की कळेल.”

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काय व्हायचं ते आता सांगते. सासूबाई बाजारात गेल्या की पोराला मोरीत न्यायचं आणि लिमलेटची गोळी दाखवून म्हणायचं, “आई म्हण, मग देते.” तो म्हणायचा. गोळी घ्यायचा. चार-पाच दिवसांत शिकवणी पक्की झाली. मी स्वतःवर बेहद्द खूश. रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तो चालत माझ्यापुढे आला, मोठ्याने “आई” म्हणाला आणि तळहात पुढे केला.

कुणाला काही कळेना. मी त्याचा हात खाली दाबते आहे आणि तो “आई, आई” करत परत पुढे करतो आहे. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, उधारी दिसतेय तुमची.”

सासूबाईंना सगळं कळलं. घास खाली ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोर विकत घेतेस काय गं?”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माझी कीव आली होती. गोळी मिळाली नाही म्हणून पोर रडायला लागलं आणि “वैनी नको, वैनी नको” करत त्यांच्या मांडीवर जाऊन बसलं.

दोन वर्षांनी मुलगी झाली. या वेळी मी दूध कुणाला दाखवलं नाही. मुलीला पदराखालून खाली ठेवलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, “अंगावरचं तू बघ, मोठा माझ्याकडे आहेच.” तशी वाटणी झाली. मग मोठ्या दिरांचं लग्न ठरलं, दोन खोल्या पुरेनात, आणि आम्ही बदलापूरला भाड्याची खोली घेतली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “याची बालवाडी अर्ध्यावर कशाला सोडवतेस? सुट्टी लागू दे, मग ने.”

मी ‘हो’ म्हटलं. आता सगळ्यांना सांगताना मी म्हणते की माझं काही चाललं नाही. ते खोटं आहे. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. एका पोराबरोबर नवीन घर लावायचं, उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी मजुरीवर धागे कापायचे, आपल्या मर्जीने उठायचं. आणि वर माझी अक्कल अशी की, राहू दे त्याला, म्हातारी थकेल आणि स्वतःच आणून सोडेल. म्हातारी थकली नाही. सुट्टी लागली आणि संपली. बालवाडीनंतर शाळा तिथलीच झाली. दर रविवारी आम्ही बुवापाड्यात जायचो. तो दारातून आत ओरडायचा, “आई, वहिनी आली.”

सहाव्या वर्षी त्याला टायफॉईड झाला. ताप हटेना म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प भागातल्या एका दवाखान्यात भरती केला. तिथे पेशंटजवळ एकच माणूस राहू देत. खिडकीवरच्या माणसाने पास पुढे करून विचारलं, “आई कोण?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या आणि मीही म्हणाले.

तो माणूस वैतागला. “एक काहीतरी ठरवा.”

मी पास हिसकावून घेतला. सासूबाईंकडे बघून म्हणाले, “इथे कागदावरची आई लागते.” इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच उलट बोलले होते. मला केवढं जिंकल्यासारखं वाटलं. पोराचं अंग तापाने भाजत होतं आणि मी जिंकले होते.

दोन दिवस मी त्याच्या खाटेजवळ बसले. सलाईनचा हात धरून ठेवायचे, कपाळावर पट्ट्या ठेवायचे. तो माझ्या हातचं पाणी पीत नव्हता. चमचा लावला की दात आवळायचा. डोळे मिटून सारखं एकच, “आई पाहिजे. आई पाहिजे.” मी कानाशी जाऊन म्हणायचे, “अरे बाळा, आहे ना मी.” तो डोळे उघडायचा, बघायचा आणि म्हणायचा, “वहिनी, आईला बोलव ना.” गयावया करून म्हणायचा. आजारी पोराने परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी शहाण्यासारखं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. मल्याळी होती, मराठी मोडकं बोलायची. ओठ सुकलेले बघून तिने मला झापलं. “बच्चा आई आई करतो आणि तुम्ही बसून काय बघते? तुम्ही वहिनी ना? मग त्याच्या आईला बोलवा. हा पास आईचा आहे.”

मी सांगू शकत होते. रेशनकार्ड पिशवीतच होतं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पोर म्हणालं, “सिस्टर, आई खाली आहे.”

त्याला कसं माहीत कोण जाणे, पण त्या खालीच होत्या. दोन दिवस पायऱ्यांजवळ चपला काढून त्यांवर बसून होत्या. पदराच्या टोकात काहीतरी गुंडाळलेलं, हात मांडीवर. मला बघून उठल्या. चेहरा असा की मी वाईट बातमीच आणली आहे.

“आई,” मी म्हटलं, “तुम्ही जा वर. तो पाणी पीत नाही.”

त्यांनी पास घेतला. पायऱ्या चढताना गुडघा धरून चढल्या, पण धावल्यासारख्या. मी त्यांच्या जागी बसले. तासाभराने हे वर डोकावून आले आणि म्हणाले, “अर्धा ग्लास प्यायला.” मी म्हटलं, “बरं झालं.”

तो वाचला. त्यानंतर मी त्याला बदलापूरला आणायची गोष्ट काढली नाही. लोकांना वाटलं, मी मन मोठं केलं. मन वगैरे काही नाही. माझी भीती बसली होती.

तो नववीत असताना सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जाऊबाईंना दिवस गेलेले, म्हणून सासूबाईंचं सगळं करायला मी रोज बदलापूरहून बुवापाड्यात जायला लागले. अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. माझ्या हातचं त्या मुकाट्याने खायच्या. जीभ जड झाली होती, पण त्यांचं बोलणं समजायचं.

एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. मुलगा शाळेतून येऊन उभ्यानेच पाणी पीत होता. सासूबाईंनी त्याला खुणेने बोलावलं, चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेक शब्द ओढत म्हणाल्या, “हिला, आई, म्हण.”

तो माझ्याकडे बघेना. ग्लासाची कड नखाने खरवडत राहिला. त्या परत म्हणाल्या. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती मी पुसली. चौदा वर्षं ज्या शब्दासाठी मी जीव टाकला तो आता माझ्यासाठी मागितला जात होता, आणि मी फणी हातात धरून लाचारासारखी वाट बघत होते.

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आई.”

आणि खाटेवरून सासूबाईंनी सवयीने ओ दिली. “काय रे?”

त्यांचं त्यांनाच कळलं. डोळे मिटून घेतले. मुलगा ग्लास तिथेच ठेवून बाहेर निघून गेला. मी त्यांच्या केसांचा गुंता सोडवत बसले. महिन्याभरात त्या गेल्या आणि मुलगा, त्याची वह्या-पुस्तकं आणि त्यांची गोधडी आमच्याकडे आली.

त्या दुपारनंतर त्याने मला वहिनी म्हणणं सोडलं. आईही म्हणाला नाही. आता तोच चाळिशीकडे आला. वाईट वागत नाही, औषधं आणतो, डोळे तपासायला नेतो. त्याच्या मुलीला आंघोळ कोणी घालायची यात मी पडत नाही. हात मागे बांधून लांब बसते, म्हणून तर व्हिडिओचं मला नवल वाटलं. पण त्याला मला काही सांगायचं असलं की तो माझ्यासमोर येऊन उभा राहतो. मी वर बघेपर्यंत थांबतो, आणि मगच बोलतो. दुसऱ्या खोलीतून त्याला मला हाक मारता येत नाही.

परवा मी मेथी निवडत बसले होते. तो आला आणि उभा राहिला. माझ्या अंगातला जुना खोडसाळपणा जागा झाला. म्हटलं, आज वर बघायचंच नाही. बघू तरी काय म्हणतो. एक काडी खुडली, दुसरी खुडली. त्याचे पाय दिसत होते. तो खाकरला. आतून सून म्हणाली, “अहो, विचारलं का मम्मींना?” तरी तो तसाच उभा. त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर दाबून पांढरा झालेला दिसला, तेव्हा मीच वर पाहिलं.