दारावरचे शिपाई

झरीकडच्या आमच्या गावात लग्नघराच्या दाराशी दोन शिपाई काढत. एक डाव्या भिंतीवर, एक उजव्या. खांद्यावर बंदूक, डोईवर तुरा. चुना, काव आणि दिव्याची काजळी, एवढ्यावर काम भागायचं. हे शिपाई माझ्या थोरल्या जावेइतके कुणाला जमत नसत. पण नणंदेचं लग्न निघालं तेव्हा ती विधवा होती, आणि लग्नाच्या भिंतीला विधवेचा हात चालत नसे. असले नियम करणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

ती विधवा कशी झाली ते गावाला ठाऊक होतं. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत पाटील बंदूकवाले घेऊन आला आणि निजामाच्या फौजेला खायला म्हणून आमची मेंढरं हाकलू लागला. दीर आडवे आले. बंदुकीच्या दस्त्याचा मार जिव्हारी बसला. पंधरा दिवसांत गेले. पुढं राज्य बदललं, पाटील तोच राहिला.

"तू काढ, मी सांगते," जाऊ म्हणाली. ती उंबऱ्याच्या आत बसून सांगायची, मी बाहेर काडी फिरवायची. तिनं शिपायांच्या बंदुका जमिनीवर टाकायला लावल्या आणि दोघांच्या कडेवर एकेक कोकरू द्यायला लावलं.

"आता कसे माणसावानी दिसायलेत," ती म्हणाली आणि हसली. दीर गेल्यापासून तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी भिंत पाहिली. "पुसून टाक पोरी. उद्या पाटील यायलेत. आपल्याला ह्याच गावात राहायचं हाय."

एरवी मी मोठी तोंडाळ, पण तेव्हा लगेच काव कालवली, कोकरांवरून, खाली पडलेल्या बंदुकांवरून फिरवली आणि दोघांच्या खांद्यांवर नव्या बंदुका काढल्या, चांगल्या लांब. जाऊ आत ज्वारी निवडत होती. ती निवडतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाटील दाराशी थांबला. "शिपाई लय झोकात काढलेत. कुणी काढले?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पदर सावरून खाली पाहिलं.

त्यानंतर जावेनं मला कधी चित्र सांगितलं नाही. पुसल्याबद्दल तिनं मला माफ केलं असेल. सासऱ्यांपुढं माझं काय चालणार होतं? पण पाटलानं वाखाणलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि ती आतून माझं तोंड बघत होती.