धुमसलेली गादी

लग्नानंतर वाशीला राहायला आलो तेव्हा घरात मिरवण्यासारखी एकच वस्तू होती, आईने मराठवाड्याहून पाठवलेली गादी. आमच्या शेतातलाच कापूस वेचून, पिंजून तिने ती भरून घेतली होती. आमचं घर तळमजल्यावर. खाडीत भराव घालून केलेली जमीन, त्यामुळे फरशीला कायम ओल. गादी नुसती खाली टाकली की खालून दमट लागे. म्हणून आम्ही तिच्याखाली फळ्या घातल्या. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून ती गच्चीवर नेत असू, काठीने झोडपून उन्हात टाकत असू आणि परत अंथरताना उशाची बाजू पायथ्याशी करत असू.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते गावाहून आमच्याकडे आले. गादी त्यांना दिली. त्यांचं उजवं अंग गेलं होतं. बोलणं तुटक, पण समजायचं सगळं. पाठीला जखम होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे गादीत गाठ राहू नये म्हणून मी रोज हाताने चाचपून बघायची.

एका संध्याकाळी नवरा रबाळ्याला कारखान्यात होता. डास फार, म्हणून नेहमीप्रमाणे सासऱ्यांच्या पायाशी कॉइल लावून मी स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. आधी गॅसवरचं पातेलं पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेले, तर गादीच्या कोपऱ्यातून धूर निघत होता. सासरे जागे होते. हाक मारायला तोंड उघडत होते, पण आवाज फुटत नव्हता.

मी गादीच ओढायला लागले. ती हलेना. माझा आरडाओरडा ऐकून शेजारच्या मावशी धावत आल्या. त्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या.

"गादी सोड बाय, जलू दे ती. आदी सासऱ्याला काढ," त्या म्हणाल्या.

चादरीची टोकं धरून आम्ही दोघींनी सासऱ्यांना सरकवत दारापर्यंत नेलं. मी त्यांचे पाय पाहिले, पाठ पाहिली. कुठेही भाजलं नव्हतं. तिथेच मी त्यांच्याशेजारी फतकल मारून बसले.

मावशींनी तोवर गादी अंगणात ओढली. बादलीभर पाणी ओतलं, धूर थांबला. जरा वेळाने पुन्हा निघू लागला. "आत धुमसतंय," म्हणत त्यांनी विळीने खोळ फाडली. जळका कापूस आम्ही उपसून पाण्यात बुडवला. निम्म्याहून जास्त गादी शाबूत होती.

त्यानंतर सासरे नीट जेवेनात. विचारलं की भिंतीकडे तोंड करायचे. एकदा दूध पाजताना ते डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, "पाय... माझा... लागला. तुझ्या आईची..."

डावा पाय हलवताना कॉइल कलंडली होती, आणि सुनेच्या माहेरची गादी आपण जाळली, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

"मामा, आईसुद्धा हेच म्हणेल, गादी पुन्हा भरता येते," मी म्हटलं. "तुम्ही वाचलात ना, मग झालं."

त्यांचे डोळे भरून आले. मग वाटीतलं सगळं दूध प्यायले.

उरलेला कापूस गच्चीवर खडखडीत वाळवला. पिंजाऱ्याने तो पिंजून नव्या खोळीत भरून दिला. गादी अरुंद झाली, पण एका माणसाला पुरेशी. तिच्यावर सासऱ्यांना निजवलं तेव्हा त्यांनी डावा तळहात तिच्यावरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, "मऊ हाये."

लगेच त्यांचा डोळा लागला. कॉइल आता खिडकीत, पत्र्याच्या डब्यात होती. तरी मी बराच वेळ दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होते, आणि मग निश्चिंतपणे भाकऱ्या थापायला गेले.