बशीरच्या टेबलाखालचं बटण

बशीर मला फसवतोय, याची मला खात्री होती.

आज त्याला जाऊन चाळीस दिवस झाले.

लोणंदला बाजारपेठेमागं त्याचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट, लग्न, बारसं, सगळं काढून झालं आणि साठीनंतर या गड्याला नवंच खूळ लागलं.

स्पीकरच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणायचं. वर रंगाचे थेंब. खोलीत अंधार. माइकसमोर मी.

"म्हना मेजर, शाळंतली कविता."

मी फौजेतला हवालदार, पण आमच्याकडं पेन्शनवाला प्रत्येक जण मेजरच. ड्रिल घेताना माझा आवाज अख्ख्या ग्राउंडवर जायचा. आणि चौथीच्या पुस्तकातल्या कविता अजून तोंडपाठ. डोळे मिटले की अजूनही बाकावर पाय हलवत बसलेला असतो मी.

मी ओळ म्हणायचो. स्पीकर थरथरायचा, रंग उडायचे आणि त्याच आवाजानं फ्लॅश पेटायचा.

नुसत्या डोळ्यांना काही दिसायचं नाही. फोटोत मात्र कधी जास्वंद, कधी गिरकी घेणारी पोर. खरं तर यातलं काहीच नाही. नुसता रंग.

"ह्ये कशाचं हाय रं?"

"तुमच्या आवाजाचं."

साताऱ्यात प्रदर्शन लागलं, तेव्हा लोक माना तिरक्या करून बघत होते. मी कोपऱ्यात, छाती काढून.

मग माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. उरली नुसती कुजबुज.

बशीर तरी बोलवायचाच. मी कुजबुजायचो, आणि फ्लॅश पेटायचा!

शेजारी बसलेल्या बायकोला ऐकू येत नाही, ते या मशीनला येतं?

एका दुपारी टेबलाखाली वाकून बघितलं. बशीरच्या पायाखाली बटण. मी तोंड उघडलं की हा दाबणार.

"दया करतूस व्हय रं माझ्यावर?"

"आवं मेजर, ऐका तरी…"

नाही ऐकलं. सहा महिने त्या गल्लीत पाय टाकला नाही. मग एकदम मातीलाच गेलो. तिथंही सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.

काल त्याच्या मुलीनं, रेश्मानं, स्टुडिओत बोलावलं.

"काका, ते बटण पंख्याचं हाय. पंख्याच्या आवाजानं बी फ्लॅश पेटायचा. म्हनून अब्बा पायानं पंखा बंद करायचे."

पंखा थांबायचा, हे मला कधी जाणवलंच नाही. सगळं ध्यान संशयात.

माझी कुजबुज पकडायला त्यानं मशीनचा नॉब शेवटपर्यंत फिरवला होता. मग काय, गल्लीतल्या कशानंही फ्लॅश उडायचा. वाया गेलेल्या फोटोंचा खोकाच तिनं पुढं ठेवला. मागं बशीरचं अक्षर. 'कुकर.' 'रिक्षा.' 'पाटलाची शिंक.' 'पुन्हा कुकर.'

मधेच एखादा: 'मेजर.' त्यात केशरी रंगाचा एकच थेंब, उठून उभा राहिलेला.

खोटं कशाला बोलू, तरी विश्वास बसेना.

"पोरी, पंखा बंद करून मशीन लाव. मग दोन्ही हात वर कर. पाय खुर्चीवर घे."

"घ्या काका, झडती घ्या," ती हसत म्हणाली. डोळे भरलेले.

मी माइकसमोर कवितेची पहिली ओळ घेतली. 

फ्लॅश पेटला.

बशीर, चुकलो गड्या.

आवाज आता एवढाच निघतो. तुला पुरायचा.

शेवटचा सॅल्यूट.