पांढऱ्या पट्ट्यात लेक

आमची लेक अमेरिकेत फिजिओथेरपी शिकते आणि तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमसोबत मैदानाच्या कडेला उभी असते; फुटबॉल म्हणजे तिकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा. खेळाडूंचं पाणी, बर्फ, पट्ट्या हे सगळं तिच्याकडे. तिकडे शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा डोंबिवलीत रविवारची सकाळ, त्यामुळे हल्ली आमचे पोहे टीव्हीसमोर. मॅच कोणाला बघायची आहे? कॅमेरा कडेला वळला की टोपी घातलेली आमची पोरगी क्षणभर दिसते, तेवढ्यासाठी बसायचं.

त्यात गेला महिनाभर ती व्हिडिओ कॉल टाळत होती. "नेट चालत नाही गं," म्हणायची. आमच्या इथे मानपाड्यात चालणारं नेट अमेरिकेत चालत नाही, हे मला कोण पटवणार? आजारी आहे की काही लपवतेय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

ह्यांनी मात्र त्या खेळाचे नियम पाठ केलेले. हे इथे कबड्डीचे पंच. आमच्याकडे बघणाऱ्यांचे पाय रेषेवरच असतात, आणि कोणी जोरात पडला की जवळचा माणूस धावत आत शिरतो. "तिकडे तसं नाय चालत," हे मला सांगायचे. "रेषेलगतचा पांढरा पट्टा पंचांना पळायला मोकळा ठेवायचा. टीमचं कोणी त्यात आलं तर आधी नुसती ताकीद, मग अख्खी टीम पाच यार्ड मागे, परत पाच, त्यानंतर पंधरा. आणि पंचाला धक्का लागला तर ताकीद-बिकीद नाही, पहिल्यांदाच पंधरा."

त्या रविवारी तिच्या टीमचा एक खेळाडू रेषेजवळ गुडघा धरून कोसळला. चेंडू घेतलेला त्यांचाच दुसरा खेळाडू अजून पुढे पळतच होता. आमच्या बाईसाहेब बर्फाची पिशवी घेऊन सरळ पट्ट्यात. मागून धावत आलेला पंच तिच्यावर आदळला, दोघंही पडले. पंचांचा दंडाचा पिवळा रुमाल उडाला.

"गेले पंधरा," हे म्हणाले. पळून मिळवलेलं अंतर कापलं नाही, पण ते जिथे संपलं तिथून टीम पंधरा यार्ड मागे. नाव कोणाचंच घेतलं नाही. शिक्षा सगळ्यांना मिळून.

कॅमेरा तिच्यावरच थांबला. टोपी उडाली होती आणि केस अगदी बारीक कापलेले. ज्या केसांना मी इतकी वर्षं तेल चोळलं, वेण्या घातल्या, ते. म्हणून महिनाभर नेट नव्हतं. मला राग आला, आणि तिचे थरथरणारे ओठ बघून कुठच्या कुठे गेला. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, दुसरं काही नाही. तेवढ्यात एका आडदांड खेळाडूने टोपी उचलली, झटकली, तिच्या डोक्यावर ठेवून हलकेच थोपटली. कोणाच्या कोण त्या पोराला मी मनापासून आशीर्वाद दिला.

मॅच संपल्यावर थोड्या वेळाने फोन आला. नुसता आवाज.

"आई, आज मॅच बघितलीत?"

"नाही गं. लाइट गेलेली इकडे."

पलीकडे तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं झालं," ती म्हणाली.

माझं खोटं पचलं होतं. पण ह्यांना राहवलं नाही. फोनकडे वाकून हळूच म्हणाले, "केस छान दिसतायत गं, बाळा."

 फोन कट झाला आणि लगेच व्हिडिओ कॉल आला. मी आधी डोळे पुसले, मग उचलला.