चादर मागणारा

जखमी जनावरांसाठी जुन्या चादरी मागत तो कसब्यातल्या आमच्या गल्लीत दुपारी यायचा. दिलेली चादर वितीनं मोजायचा आणि म्हणायचा, "कुत्र्याला पुरेल." दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एखादं कुत्रं टेम्पोखाली यायचं. तोच त्याला माझ्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात न्यायचा.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "अहो, तुम्हाला आधी कळतं कसं?"

"अपघात झाल्यावर मागत फिरलो तर उशीर होतो, आजी."

काल आला. माझ्या पायरीवरच्या मांजरीकडे बघून म्हणाला, "आज टॉवेलसुद्धा चालेल."

"टॉवेल नाही. निघा," मी म्हटलं.

मांजर कालपासून घरात कोंडली आहे. टॉवेल मात्र मी धुऊन वाळत घातला आहे.