कुलूपबंद गाय

आमच्या शुब्रा वस्तीतल्या इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं एकाच अंधाऱ्या चौकात उघडतात. कोणाच्या कांद्यात किती तेल पडलं ते वरच्या मजल्यापर्यंत कळतं, मग भांडण कुठलं लपतंय? त्या वर्षीची छोटी ईद नुकतीच सरली होती. मी लसूण सोलत बसले होते आणि खालच्या मजल्यावरची इन्शिराह तिच्या थोरल्या भावाशी, फतहीशी भांडत होती. फतही विमानतळावर, जकातीच्या गोदामात कारकून.

"मी ती उघड्यावर टाकली असती तर तू बोलायचं," फतही म्हणाला. "सगळ्यात मजबूत खोलीत ठेवली. किल्ली खिशात घालून गावी गेलो. एक ओरखडा नाही तिच्यावर."

"ओरखडे कोण मोजतंय, दादा? ती आटली."

"शिशाची पेटी कशी आटेल गं? माझ्या गोदामात लोकांचे फ्रीज वर्षवर्ष पडून असतात. आटला का एखादा?"

यावर इन्शिराहकडून नुसतं पातेलं आपटल्याचा आवाज आला.

आता ही पेटी म्हणजे काय, ते मला तिनंच कधीतरी भाजी निवडताना सांगितलेलं. शहराबाहेरच्या प्रयोगशाळेत ती कामाला. तिथली माणसं त्या पेटीला गायच म्हणतात. परदेशातून विमानानं येते. वरून मिठाचं पाणी घालायचं, खालून किरणं सोडणारं पाणी काढायचं, रोज सकाळी, धार काढावी तसं. पण ही गाय जन्मतःच आटायला लागलेली असते. बांधून ठेवा, पूजा करा, आठवड्याभरात कास रिकामी. तिला कुलूप कळत नाही आणि ईदही कळत नाही.

त्या दुधाला इन्शिराहनं एका जंतुनाशक औषधाशी बांधलं होतं. औषध अंगात जंतू शोधतं आणि त्यांना जाऊन चिकटतं. मग यंत्राच्या फोटोत ती जागा दिव्यासारखी दिसते. ऐकायला सोपं वाटतं. कित्येक वर्षं ते दूध औषधाला धरूनच राहीना, सुटून मूत्रपिंडात जाऊन बसे. पोरगी घरी यायची ती उतरलेल्या तोंडानं. आई तिची म्हणे, "लग्नाचं वय त्या बाटल्यांत बुडवलंस." मग एकदा तिनं उंदरांच्या एका मांडीत जंतू घातले आणि दुसऱ्या मांडीत टर्पेंटाइन, म्हणजे सूज दोन्हीकडे, पण जंतू एकीकडेच. दिवा एकाच मांडीत लागला. त्या दिवशी तिनं सगळ्या इमारतीला बसबूसा, रव्याची मिठाई, वाटला. कशाबद्दल ते मला सोडून कोणी विचारलंही नाही.

माणसांवर वापरायची परवानगी मिळाली, आणि पहिलं नाव लागलं आमच्या गल्लीतल्या झगलूलकाकांचं. काका म्हणजे फूलवाले, पण हे फूल म्हणजे उकडलेला बाकला, वालासारखं कडधान्य. त्यांच्या हंड्यातल्या शिजलेल्या बाकल्याशिवाय आमची सकाळ होत नाही. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, काका वाडगं भरणार, वर दोन शिव्या घालणार. त्यांच्या गुडघ्यात लोखंडाचा सांधा बसवलेला, तो सुजून लाल झालेला. डॉक्टरांना ठरेना. आत जंतू असतील तर सांधा काढून टाकायचा, पाय कायमचा ताठ. नसतील तर नुसत्या औषधानं आणि आरामानं भागणार. नेहमीच्या फोटोत सगळाच गुडघा पेटलेला दिसे. जंतू आहेत की नाहीत, हे इन्शिराहचं औषधच सांगणार होतं.

"पोरी, माझ्या पायात गाय सोडणार म्हणे तू," काका म्हणाले होते.

"तिचं दूध सोडणार, काका. घाबरू नका, शिंगं नसतात."

गाय ईदच्या आदल्या दिवशी उतरली. फतही किल्ली घेऊन मन्सूरा शहराकडे, गावी गेलेला. इन्शिराह विमानतळावर रोज जाऊन त्या दारासमोर उभी राहिली. पहारेकरी तिला खजुराची बिस्किटं देई आणि म्हणे, "बाई, माल सुखरूप आहे." सुट्टी संपून दार उघडलं तेव्हा गाईनं दिलं ते दूध एका माणसालाही पुरेना. दुसरी गाय यायला वेळ होता. तोवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर परदेशी निघालेले. ते म्हणाले, धोका नको, सांधा काढू.

काढला. आतलं तपासायला पाठवलं. एक जंतू उगवला नाही.

मला अजून राग येतो, आणि तो कुठल्या देवापुढे ठेवू ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, खबरदारी घेतली. इस्पितळाचे मोठे साहेब म्हणाले, अल्लाची मर्जी. अल्लानं काय किल्ली खिशात घातली होती का? आणि फतहीला तर वरच्या साहेबांनी शाबासकी दिली, सणासुदीत सरकारी माल जपला म्हणून. काकांचा पाय मात्र फळीसारखा. गाडी ढकलणं संपलं. मोडक्या खुर्चीत बसून हंड्यात पळी घालायची, पाय रस्त्यावर लांब पसरलेला, आणि स्कूटरवाले वरून ओरडणार, "म्हाताऱ्या, पाय आवर." आवरायला तो वाकतो कुठे?

त्यानंतर इन्शिराहनं गाय कोणावर सोपवली नाही. प्रयोगशाळेत मोठी बाई झाली, हाताखाली माणसं आली, तरी विमान उतरायच्या आधी ही गोदामाच्या दाराशी. तिच्या औषधानं पुढं कितीकांचे सांधे वाचवले. त्यांतला एकही आमच्या गल्लीतला नव्हता.

मागच्या वर्षी तिला धाप लागायला लागली, दोन पायऱ्या चढून थांबायची. ईदच्या आदल्या सकाळी फतही आला. निवृत्त झालेला, दात गेलेले.

"तू झोप. मी जाऊन आणतो. ओळखतात मला तिथं."

"दादा, तू कुलूप छान लावतोस," ती बूट घालत म्हणाली. "मला आज उघडायचंय."

मी गॅलरीतून टोपली सोडत होते. ती कोपऱ्यावर काकांपाशी थांबली, नेहमीसारखं उभ्यानंच वाडगं संपवलं.

"गाय आणायला?" काकांनी विचारलं.

"हो काका."

"सुट्टीच्या आत आण."

"आणते." आणि तिनं त्यांच्या पसरलेल्या पायाला वळसा घातला, टॅक्सीला हात केला. दुपारच्या अजानच्या आत गाय प्रयोगशाळेत पोचली होती.